माफी वेगळी आणि सत्कार वेगळा

१९९९ च्या ऑस्करमधला तो काही मिनिटांचा तुकडा मी कितीतरी वेळा बघितलाय. मार्टिन स्कॉर्सेसी आणि रॉबर्ट डी नीरो स्टेजवर उभे आहेत, एलिया कझान नावाचा ८९ वर्षांचा थकलेला म्हातारा डायरेक्टर बायकोच्या आधाराने पुढे येतो, त्याला आयुष्यभराच्या कामाबद्दल मानद ऑस्कर मिळतंय, आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो तर सभागृह चक्क दुभंगलेलं दिसतं. वॉरन बेटी उभा राहून टाळ्या वाजवतोय, मेरिल स्ट्रीप उभी आहे, स्पीलबर्ग टाळ्या वाजवतोय पण बसूनच, आणि निक नोल्टी, एड हॅरिस, एमी मॅडिगन हे लोक हाताची घडी घालून नाहीतर हात मांडीवर ठेवून नुसते बघतायत. बाहेर रस्त्यावर निदर्शनं चालू होती, विरोधातही आणि बाजूनेही. ऑस्करच्या स्टेजवर आलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी लोक उठत नाहीत असं सहसा दिसत नाही, आणि म्हणूनच त्या बसून राहिलेल्या लोकांबद्दल तेव्हापासून आजपर्यंत एकच तक्रार ऐकू येते की यांना कलेची कदर नाही, पन्नास वर्षं जुनं भांडण अजून उकरून काढतायत, कलाकार आणि त्याची कला यात फरक करता येत नाही यांना.

मला उलटं वाटतं. फरक करता येत होता म्हणूनच ते बसून राहिले.

आधी हे सांगतो की मी कझानच्या सिनेमांवर जीव टाकणाऱ्यांपैकी आहे. पुण्यात कॉलेजला असताना एका फिल्म सोसायटीच्या शोला ‘ऑन द वॉटरफ्रंट’ पहिल्यांदा बघितला तेव्हा याच्यामागे काय आहे त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मार्लन ब्रँडो टॅक्सीच्या मागच्या सीटवर भावाशी बोलतो तो सीन, होबोकेनच्या गोदीतली ती थंडी, माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ, बर्नस्टाइनचं संगीत, आणि शेवटी रक्तबंबाळ झालेला टेरी मॅलॉय लडखडत गोदामाच्या दारापर्यंत जातो आणि त्याच्यामागून सगळे कामगार आत जातात. मी रडलो होतो. गुंडांच्या युनियनविरुद्ध एकटा माणूस साक्ष देतो, सगळे त्याला गद्दार म्हणतात तरी तो खरं बोलतो, यापेक्षा मोठं शौर्य काय असणार असं वाटत घरी आलो. दोनेक वर्षांनी कळलं की हा सिनेमा १९५४ चा आहे आणि त्याच्या दोनच वर्षं आधी याच्या डायरेक्टरने स्वतः साक्ष दिली होती, आणि ती गुंडांविरुद्ध नव्हती, जुन्या मित्रांविरुद्ध होती.

काय झालं होतं ते थोडं नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे या सगळ्याला सरसकट ‘मॅकार्थीचा काळ’ म्हणून मोकळे होतात. मॅकार्थी हा कम्युनिस्टांच्या मागे लागलेला सिनेटर होता. हॉलीवूडच्या मागे लागली होती ती कनिष्ठ सभागृहाची, हाऊस अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज कमिटी. १९४७ मध्ये तिच्यासमोर दहा जणांनी, त्यात बहुतेक लेखक, तुम्ही कम्युनिस्ट आहात का या प्रश्नाचं उत्तर द्यायला नकार दिला, त्यांना तुरुंगात जावं लागलं, आणि स्टुडिओवाल्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून ठरवलं की असल्या लोकांना आता काम द्यायचं नाही. ही ब्लॅकलिस्ट. पुढे १९५१ मध्ये चौकशी पुन्हा सुरू झाली तेव्हा यातून सुटायचा एकच रस्ता ठेवला होता. स्वतःबद्दल सांगून भागत नसे, दुसऱ्यांची नावं द्यावी लागत. आपल्या कोर्टाच्या भाषेत म्हणायचं तर माफीचा साक्षीदार व्हायचं, फक्त इथे गुन्हाच नव्हता, कारण कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य असणं हा त्या नाटकसिनेमावाल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत सभांना जाणं, वर्गणी देणं आणि जोरजोरात वाद घालणं एवढाच प्रकार होता.

कझान १९०९ मध्ये तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये जन्मला, अनातोलियातल्या ग्रीक घरात. मूळ आडनाव कझानजोग्लू. तुर्कांच्या राज्यात राहणारे ग्रीक, सतत मान खाली घालून जगणारे. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं, वडिलांचा गालिच्यांचा धंदा. त्याने स्वतःच पुढे ‘अनातोलियन हसू’ असा शब्द वापरलाय, आतला राग आणि भीती झाकायला चेहऱ्यावर आणलेलं हसू. हे लक्षात ठेवायला पाहिजे असं मला वाटतं, कारण त्याला समजून घ्यायचं तर त्या हसण्यापासून सुरुवात होते. तीसच्या दशकात तो न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाटकमंडळीत आला, मंदीचे दिवस, नाटकातून जग बदलायचं वेड, क्लिफर्ड ओडेट्सच्या टॅक्सी ड्रायव्हरांच्या संपावरच्या नाटकात त्याने काम केलं, आणि १९३४ ते ३६ अशी साधारण दीड वर्षं तो कम्युनिस्ट पक्षात होता. बाहेर पडला त्याचं कारणही खरं होतं. पक्षाला ग्रुप थिएटर स्वतःच्या हातात हवं होतं, कझानने ऐकलं नाही, मग डेट्रॉइटहून एक कामगार पुढारी बोलावून भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली गेली. ती जखम त्याच्या मनात सोळा वर्षं राहिली.

आणि मधल्या काळात हा माणूस केवढा मोठा झाला! १९४७ मध्ये ब्रॉडवेवर ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’, ज्याचं आपल्याकडे तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ केलं ते नाटक, १९४९ मध्ये ‘डेथ ऑफ अ सेल्समन’, म्हणजे अमेरिकन रंगभूमीची दोन सगळ्यात मोठी नाटकं दोन वर्षांच्या अंतरात एकाच माणसाने बसवली. १९४७ मध्येच चेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुइसबरोबर नटांना घडवणारा अ‍ॅक्टर्स स्टुडिओ काढला. त्याच वर्षी आलेल्या ‘जंटलमन्स अग्रीमेंट’साठी डायरेक्टर म्हणून ऑस्कर मिळालं.

जानेवारी १९५२ मध्ये कमिटीने त्याला बंद दाराआड बोलावलं. तेव्हा त्याने स्वतःबद्दल सांगितलं आणि दुसऱ्यांची नावं द्यायला नाही म्हणाला. त्यानंतर तीन महिने गेले. फॉक्स स्टुडिओचा प्रमुख स्कूरास, तोही ग्रीकच, त्याला समजावत होता की सहकार्य कर. मार्चमध्ये ऑस्करचा सोहळा झाला, ‘स्ट्रीटकार’च्या सिनेमाला नटांची तीन बक्षिसं मिळाली. आणि १० एप्रिल १९५२ ला तो परत कमिटीसमोर गेला आणि त्याने ग्रुप थिएटरमधल्या आठ जणांची नावं दिली. दोन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पैसे भरून जाहीर निवेदन दिलं, बायको मॉलीने लिहून दिलेलं, की मी केलं ते बरोबर आहे आणि बाकीच्या उदारमतवाद्यांनीही पुढे येऊन असंच बोलावं.

त्या आठातलं एक नाव होतं जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग. हा नट त्याच्या आदल्या वर्षी कमिटीसमोर उभा राहिला होता आणि त्याने नावं दिली नव्हती. काम मिळेना, हृदयाचा आजार होता, नाटकासाठी लंडनला गेला आणि डिसेंबर १९५१ मध्ये तिथेच गेला, वयाच्या ४७ व्या वर्षी. म्हणजे कझानने चार महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव दिलं. यात देशाची कुठली सुरक्षा होती? त्या आठातल्याच ओडेट्सला आणि पॉला स्ट्रासबर्गला त्याने आधी सांगितलं होतं, ओडेट्सने नंतर स्वतःही नावं दिली. पण मॉरिस कार्नोव्स्की आणि त्याची बायको फीबी ब्रँड, आर्ट स्मिथ, टोनी क्रेबर, ल्युइस लेव्हरेट, यांना सिनेमा-टीव्हीचे दरवाजे बंद झाले किंवा आधीच बंद झालेले आणखी घट्ट झाले. कार्नोव्स्कीने पुढे शेक्सपिअरच्या नाटकांत किंग लिअर वगैरे करून नाव काढलं, पण सिनेमातली उमेदीची वर्षं गेली ती गेलीच. आणि यातली बहुतेक नावं कमिटीला आधीपासून माहीत होती हे आज सगळेच मान्य करतात. माहिती हवीच नव्हती. माणसाने गुडघे टेकलेले दिसायला हवे होते.

आता कझानच्या बाजूने जे बोललं जातं ते मी हलकं धरत नाही. एक म्हणजे स्टालिन खरा होता. त्याच्या छळछावण्या खऱ्या होत्या, आणि त्या काळातले बरेच डावे अमेरिकन त्याकडे डोळेझाक करत होते, हे कझानचं म्हणणं अगदी बरोबर होतं, त्याने पक्षावर हवी तेवढी टीका करावी, पुस्तकं लिहावीत, कोण नको म्हणतंय. पण १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये नाटक करणारी फीबी ब्रँड कोण होती हे सांगून सायबेरियातला एक तरी कैदी सुटला का? पक्षावर टीका करणं आणि मैत्रिणीच्या पोटावर पाय आणणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कझानने त्या निवेदनात त्या एकत्र करून टाकल्या, ते मला सगळ्यात जास्त खटकतं.

दुसरं म्हणणं असतं की तुम्ही तिथे असता तर काय केलं असतंत? हा प्रश्न मला खरंच छळतो. घर आहे, मुलं आहेत, हातातलं काम जाणार आहे, आणि नुसती आठ नावं उच्चारायची आहेत जी त्यांना तशीही ठाऊक आहेत. मी नसती दिली असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. म्हणूनच मला कझानला शिक्षा व्हावी असं कधीच वाटलं नाही, त्याचे सिनेमे दाखवू नयेत असं तर बिलकुल नाही. भीतीपोटी माणूस मोडतो आणि मोडलेल्याला माफ करता आलं पाहिजे. ली जे. कॉबचं बघा. हाच नट कझानच्या ‘सेल्समन’मधला पहिला विली लोमन. दोन वर्षं त्याने कमिटीला दाद दिली नाही, काम गेलं, पैसा संपला, बायको खचून इस्पितळात गेली, आणि मग १९५३ मध्ये त्याने नावं दिली. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. स्टर्लिंग हेडनने १९५१ मध्येच नावं दिली, आणि नंतर आत्मचरित्रात स्वतःची इतकी निर्भर्त्सना केली की ती पानं वाचवत नाहीत.

कझानचं असं नव्हतं. ब्रॉडवेवर सिनेमासारखी ब्लॅकलिस्ट कधी नव्हती आणि ब्रॉडवेवर तेव्हा त्याच्याइतका मोठा डायरेक्टर दुसरा कोणी नव्हता. हॉलीवूड बंद झालं असतं तरी तो उपाशी मरणार नव्हता, हे त्याला माहीत होतं. त्याच्याजवळ नाही म्हणायची ताकद होती, जी कॉबजवळ नव्हती, आर्ट स्मिथजवळ नव्हती. त्याच्यासारखा माणूस नाही म्हणाला असता तर कदाचित हा सगळा प्रकार थोडा लवकर आटोपला असता असं त्या काळातले बरेच जण म्हणायचे, ते खरं निघालं असतं का हे सांगता येत नाही पण ती आशा खोटी नव्हती. साक्ष द्यायच्या आधी तो कनेटिकटमध्ये ‘सेल्समन’चा लेखक आर्थर मिलरला भेटला, दोघं रानात चालायला गेले, कझानने त्याला सांगितलं की मी नावं देणार आहे. मिलर तिथून निघाला तो गाडी घेऊन थेट सेलमला गेला, सतराव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्यांचे कागद वाचायला. त्यातून ‘द क्रुसिबल’ हे नाटक झालं. १९५६ मध्ये मिलर स्वतः कमिटीसमोर उभा राहिला आणि त्याने नावं दिली नाहीत, १९५७ मध्ये दोषी ठरला, ५८ मध्ये अपिलात सुटला. म्हणजे नाही म्हणता येत होतं. त्याची किंमत होती, पण म्हणता येत होतं.

आणि कझानने माफी मागितली नाही. उलट ‘वॉटरफ्रंट’ केला. याची पटकथा लिहिणारा बड शुलबर्ग, त्यानेही नावं दिलेली. गुंड जॉनी फ्रेंडली झालाय तो ली जे. कॉबच. सिनेमाला १२ नामांकनं आणि ८ ऑस्कर मिळाली. १९८८ च्या आत्मचरित्रात कझानने सरळ लिहून टाकलंय की शेवटी ब्रँडो ओरडून सांगतो की मी केलं त्याचा मला आनंद आहे, तेव्हा तो मीच बोलत होतो. म्हणजे कलाकार आणि कला वेगळी ठेवा असं जे आपल्याला सांगतात त्यांनी आधी हे कझानला सांगायला हवं होतं. ती भिंत त्याने स्वतः पाडली. ज्यांची नोकरी गेली, ज्यांना घर विकावं लागलं ते लोक त्याच्या सिनेमात युनियनचे गुंड झाले, आणि तो स्वतः रक्तबंबाळ हिरो.

तरीही, आणि हे लिहिताना मला त्रास होतो, त्याचे सगळ्यात चांगले सिनेमे साक्षीच्या नंतरचेच आहेत. आधीचे ‘जंटलमन्स अग्रीमेंट’, ‘पिंकी’ हे नेक आहेत पण आता बघताना सभेतलं भाषण ऐकल्यासारखं वाटतं, कोण चांगलं कोण वाईट ते पहिल्या दहा मिनिटांत ठरलेलं. नंतरच्या सिनेमांत ते ठरेनासं होतं. ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये जेम्स डीन बापाच्या वाढदिवसाला स्वतः कमावलेले पैसे देतो आणि बाप ते नाकारतो, तो मुलगा ज्या तऱ्हेने बापाच्या अंगावर कोसळून रडतो ते बघवत नाही. ‘अ फेस इन द क्राउड’ १९५७ चा आहे, टीव्हीवरचा एक गमत्या गाणारा हळूहळू राजकारण खिशात घालतो, तो आज बघितला तर अंगावर काटा येतो. आणि माझा सगळ्यात आवडता ‘वाइल्ड रिव्हर’, १९६० चा. टेनेसीत धरण होणार आहे, बेटावरची म्हातारी एला गार्थ जागा सोडायला तयार नाही, आणि मॉंटगोमेरी क्लिफ्ट सरकारकडून तिला उठवायला आलाय. जो व्हॅन फ्लीट ही पंचेचाळिशीच्या आसपासची बाई ऐंशीच्या पुढची म्हातारी झालीय आणि कुठे शंका येत नाही. धरणाने वीज येणार, पूर थांबणार, काळ्या मजुरांना बरी मजुरी मिळणार, म्हणजे सरकार बरोबर आहे, आणि म्हातारीही बरोबर आहे. ज्याच्या घरात कोयनेच्या नाहीतर उजनीच्या पाण्याखाली गाव गेल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात त्याने तो सिनेमा जरूर बघावा. एखाद्याला दोन्हीकडचं दुखणं इतकं नेमकं कळायला स्वतः काहीतरी मोडावं लागलं असेल, असं मला तो बघताना वाटत राहतं. पण ती किंमत त्याने एकट्याने नाही दिली. आठ जणांकडून वसूल करून दिली.

तर मग १९९९. प्रस्ताव मांडला होता कार्ल माल्डनने, जो ‘वॉटरफ्रंट’मधला पाद्री. त्याच सिनेमातला भाऊ, टॅक्सीतला, रॉड स्टायगर, याने जाहीर विरोध केला. त्याआधी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांच्या संघटनेने असा सन्मान द्यायचं नाकारलं होतं. मिलरने मात्र विरोध केला नाही, आणि १९६४ मध्ये त्याने स्वतःचं नाटक कझानला बसवायला दिलं होतं, म्हणजे मनातलं वैर त्याने कधीच सोडलं होतं. लोक याचा दाखला देतात की बघा, मिलरने माफ केलं तर तुम्ही कोण. मिलरने माफ केलं ते मोठ्या मनाचं लक्षण आहे. पण मिलरने स्वतःच्या वाट्याची माफी दिली, ब्रॉमबर्गच्या वाट्याची तो कशी देणार?

आणि एक गोष्ट जी या वादात कुणी फारशी बोलत नाही. देणारे कोण होते? ऑस्कर देणारी हीच अकॅडमी. १९५७ मध्ये हिने नियम केला होता की कमिटीला सहकार्य न करणाऱ्याला ऑस्कर मिळणार नाही, तो १९५९ च्या जानेवारीत मागे घेतला. याच अकॅडमीने ब्लॅकलिस्टमधल्या डाल्टन ट्रंबोच्या ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचं ऑस्कर दुसऱ्याच्या नावावर दिलं आणि ट्रंबोच्या नावाने दिलं ते १९९३ मध्ये, तो मेल्यानंतर सतरा वर्षांनी. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’चे खरे पटकथाकार मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन, दोघांनाही मेल्यावरच मिळालं. म्हणजे ज्यांनी नावं दिली नाहीत त्यांच्या वाट्याला बायकामुलांच्या हातात दिलेली बाहुली, आणि ज्याने दिली त्याला जिवंतपणी स्टेज, स्कॉर्सेसी, डी नीरो. ‘वॉटरफ्रंट’ला त्याची ऑस्कर १९५५ मध्येच मिळाली होती, त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. सिनेमाचं बक्षीस सिनेमाला असतं. आयुष्यभराच्या कामगिरीचं बक्षीस मात्र माणूस उभा करून, सगळ्यांना उठायला लावून दिलं जातं, आणि त्या आयुष्यात १० एप्रिल १९५२ येतोच. निदान त्या रात्री अकॅडमीने स्वतःच्या १९५७ च्या नियमाबद्दल एक वाक्य बोलायला हवं होतं, तेव्हा हयात असलेल्या ब्लॅकलिस्टवाल्यांपैकी कुणाला शेजारी उभं करायला हवं होतं. त्यातलं काही झालं नाही. कझान आला, अकॅडमीच्या धैर्याबद्दल आभार मानले, आता मी निघतो म्हणाला आणि गेला. १९५२ चा एक शब्द नाही. चार वर्षांनी, सप्टेंबर २००३ मध्ये तो वारला.

मी त्या सभागृहात असतो तर बसून राहिलो असतो. आणि घरी जाऊन ‘वाइल्ड रिव्हर’ परत लावला असता.

‘वॉटरफ्रंट’ मी अजूनही बघतो, पण आता शेवटच्या चालण्यापाशी पूर्वीसारखं रडू येत नाही. माझं लक्ष त्याच्या आधीच्या एका छोट्या सीनकडे जातं. टेरी साक्ष देऊन गच्चीवर येतो. तिथे त्याची कबुतरं आहेत, आणि त्यांची देखभाल करणारा टॉमी नावाचा पोरगा आहे जो टेरीला देव मानायचा. तिकडच्या बोलीत पोलिसांना नावं देणाऱ्यालाही कबूतरच म्हणतात. पोराने सगळी कबुतरं मारून टाकलेली असतात. तो डोळ्यात पाणी आणून एक मेलेलं कबूतर टेरीच्या अंगावर फेकतो, कबुतराला कबूतर असं म्हणतो आणि निघून जातो. हा सीन कझाननेच शूट केलाय. पटकथेत शेवटी कामगारांना टेरीचं म्हणणं पटतं, सगळे त्याच्यामागे चालायला लागतात. पण त्या पोराला समजवायला टेरीजवळ काही शब्द नसतात, तो हातात ते मेलेलं पाखरू घेऊन तसाच उभा राहतो.